ओहोटी बघून गाडी काढा

(दृश्य : पहाटेचे पावणेपाच. ठाण्यातल्या सोसायटीचं आवार, उघडी डिकी, सामानाची लगबग.)

ठाण्याहून कोकणातले किल्ले बघायला निघणारी मंडळी आधी सुट्ट्या जुळवतात, मग खोल्या, मग रस्ता. डोंगरी किल्ल्यांना हा क्रम चालतो. अलिबागचा कुलाबा किल्ला मात्र दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा किनाऱ्याला जोडला जातो. त्यामुळे इथे आधी बघायची ती तिथी.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आगेमागे भरती, आणि मधे सकाळी नवाच्या सुमाराला ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यावं.

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर, अष्टमीवर बोट.)

लोक फसतात ते अष्टमीला. गणिताने ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, सोयीची वाटते. पण अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतंच, आणि मग घोडागाडी किंवा होडी शोधावी लागते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पुळण लांबवर उघडी पडते खरी, पण पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. तृतीया ते पंचमी हे मधले दिवस उत्तम : पाणी चांगलं हटतं आणि तेही सकाळी. त्यातली संकष्टी सापडली, तर उपासाचा डबा घरूनच घ्या. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे त्या दिवशी वर्दळही असते.

(दृश्य : कळवा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, दिवे मागे पडताना.)

पाचला निघालं की विटावा, तुर्भे, कळंबोली, पळस्पे आणि पेण करत वडखळला उजवीकडे वळायचं. साधारण शंभर किलोमीटर. साडेसात-आठला अलिबाग.

पाणी उतरत असतानाच चालायला लागा आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. किल्ल्यात रमून उशीर झाला, तर आधी घोट्यापर्यंत वाटणारं पाणी बघता बघता मांडीपर्यंत येतं. शिवाजी महाराजांनी हा किल्ला 1680 मध्ये बांधायला घेतला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. तटाजवळ थांबून दगड नीट बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो.

गाडी पुळणीवर नेऊ नका, दुसरे नेत असले तरी. वरची वाळू घट्ट दिसते, खाली पाणी मुरलेलं असतं. चाक फिरलं की खड्डा होतो, जास्त रेटलं की गाडी बुडावर बसते. भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही.

(दृश्य : रेवदंड्याच्या तटातून जाणारा रस्ता, साळावचा पूल.)

पुढे मुरूडपर्यंत पन्नासेक किलोमीटर. वाटेत कोर्लई. दीपस्तंभाकडून वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. खालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. तिला लोक 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा.

जंजिऱ्याची होडी राजपुरीहून. होडी भरली की सुटते, म्हणून वेळ हातात ठेवा आणि सुटे पैसेही. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही त्याची जुनी युक्ती. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. चामडी तळव्यांची चप्पल नको. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

(दृश्य : आगरदांड्याचा धक्का, फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या.)

मुक्काम मुरूडला. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने गाडीसकट दिघीला उतरा. रोह्याचा मोठा वळसा वाचतो. म्हसळा, माणगाव, निजामपूर करत पाचाडला पोचा, जिजाऊंची समाधी बघा आणि तिथेच राहा. भर दुपारी रायगड चढायचा हट्ट नको.

तिसऱ्या दिवशी सहाला चित्तदरवाजा. चौदाशेहून जास्त पायऱ्या, बेताने चढलं तर दीड-दोन तास. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. म्हणून वर पायी आणि खाली रोपवेने. मात्र रोपवे उतरवतो हिरकणीवाडीला, आणि गाडी असते चित्तदरवाज्याशी. तेव्हा ज्याच्या हाती गाडी, त्याने ती हिरकणीवाडीला लावून दोन्ही वेळा रोपवेनेच जावं. 6 जूनच्या आसपास ही योजनाच करू नका. राज्याभिषेक दिनाला गडावर पाय ठेवायला जागा नसते.

रविवार असेल तर दुपारी बाराला पाचाड सोडा. संध्याकाळी माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांच्या रांगा लागतात. पुढेही कोंडी दिसली, तर वाकण फाट्याला पालीकडे वळून खोपोलीमार्गे पनवेल गाठा.

(दृश्य : सोसायटीतला नळ, पाइप, गाडीखाली पाण्याची धार.)

घरी आल्यावर गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारी हवा आणि फेरीबोटीवरचे शिंतोडे आधी धरतात सायलेन्सर आणि ब्रेकचे नट.