अंगणातलं टेनिस

मायबापहो आणि पोरापोरींनो, मागच्या आठवड्यात एका शेतकरी भावानं मला विचारलं, "सर, गावात कोर्ट नाही, जिल्ह्याला रोज जाणं होत नाही. मग पोरीनं रॅकेट घेऊन करावं काय?" मी त्यांना म्हटलं, टेनिसची निम्मी मेहनत पायांची, डोळ्यांची आणि खांद्याची आहे. तिला कोर्ट लागत नाही.

सर्बियाची अ‍ॅना इव्हानोविच लहानपणी बेलग्रेडमध्ये हिवाळ्यात पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात सराव करायची. तीच २००८ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली. आपल्याकडे तलाव नसेल, पण शाळेची भिंत आहे ना!

आधी जागेचं सांगतो. सारवलेल्या अंगणात चेंडू उसळत नाही, काळ्या मातीत तर बसूनच जातो. म्हणून चेंडू मारायला सिमेंटचा कोबा किंवा चांगला दाबलेला मुरूम पहा. भिंतीवर जमिनीपासून ३ फुटांवर गेरूची रेघ ओढा, कारण जाळीची मधली उंची तेवढीच असते. तिच्यावर हातभर सोडून दुसरी रेघ ओढा आणि चेंडू या दोन रेघांच्या मधे मारा. नुसता जोरात मारायचा नाही.

भिंतीचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. ती चेंडू फार लवकर परत देते. पोट्टे घाबरून रॅकेट मागे नेतच नाहीत, नुसत्या मनगटानं टोलवतात. ही सवय लागली की सोडवायला वर्ष जातं, मी स्वतः हे भोगलंय. म्हणून १५-२० पावलं मागे उभे राहा आणि चेंडूला दोन टप्पे खाऊ द्या. चेंडू तुमच्यापुढे असतानाच मारा, कमरेच्या मागे जाऊ देऊ नका. उशिरा मारण्यानं आणि मूठ आवळून धरण्यानं कोपर दुखायला लागतं.

सर्व्हिससाठी, म्हणजे चेंडू स्वतःच वर टाकून मारायच्या पहिल्या फटक्यासाठी, रॅकेट कुऱ्हाड धरल्यासारखी धरा. हात कसा फिरवायचा तेही तुम्हाला येतं. चिंचा पाडायला दगड मारता, तेव्हा खांदा आधी वळतो, हात मागून येतो. तेच इथं.

पण खरी गोची चेंडू वर टाकण्यात आहे. पहिले पंधरा दिवस रॅकेट बाजूला ठेवा आणि बांधकामाचं एक घमेलं आणा. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं ते डाव्या पायाच्या पुढे हातभर अंतरावर ठेवावं. चेंडू बोटांच्या टोकांवर धरायचा, कोपर न वाकवता हात वर न्यायचा आणि सोडायचा. उंची इतकी की वर धरलेल्या रॅकेटच्या थोडी वर जाईल. तो घमेल्यात पडला पाहिजे. रोज ५० वेळा. आमच्या एका पोरीचे सुरुवातीला दहातले दोनच पडायचे, महिन्याभरात आठ पडायला लागले, आणि तिची सर्व्हिस आपोआप सुधारली.

पायांसाठी दोरीवरच्या उड्या आहेतच. त्यासोबत हे करा: भावानं किंवा आईनं पाच-सहा पावलांवर उभं राहून खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. तो हातातून सुटताना तुम्ही एक छोटी उडी घ्यायची, दोन्ही पाय एकदम टेकवायचे आणि धावत जाऊन दुसऱ्या टप्प्याच्या आत झेलायचा. समोरचा मारतो त्या क्षणी घेतलेल्या या उडीमुळेच खेळाडू कुठल्याही बाजूला झेपावू शकतो. यात मायनं भाग घ्यावा, तिलाही आनंद वाटेल.

एक कळकळीची विनंती. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दहा ते पाच कोणी पोरगं भिंतीपाशी दिसलं तर त्याला घरी पाठवा. सकाळीच खेळायचं, सोबत मीठ-साखरेचं पाणी ठेवायचं.

उद्या साडेपाचला शाळेच्या मागच्या भिंतीपाशी या. गेरू आणि घमेलं मी आणतो, चेंडू प्रत्येकानं आपापला आणा, जुना असला तरी चालेल.