ब्लॉक सांभाळा! किडनीचा कॅन्सर, जनुकं आणि रोगाचं भाकीत

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘किडनीचा कॅन्सर : जनुकीय खुणा आणि रोगाचं भाकीत’. तिथे मी येणारच आहे. पण निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी लगेच होकार दिला तो दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. ती आधी सांगू द्या.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी जुनी लाइट बिलं जपून ठेवलेली आहेत? बघा, निम्म्याहून जास्त हात वर. आता सांगा, घरात कुणाचं ऑपरेशन होऊन गाठ किंवा एखादा अवयव काढला असेल, तर त्याचा ब्लॉक कुठे आहे हे कितीजणांना माहीत आहे? एक हात. ताई, तुम्ही नर्स आहात का? वाटलंच.

ब्लॉक म्हणजे काय ते सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जन किडनी काढतो आणि ती आमच्याकडे येते. ग्रॉसिंगच्या टेबलावर आम्ही ती मोजतो, वजन करतो, बाहेरच्या कडेला शाई लावतो आणि लांब सुरीने मधोमध उघडतो. किडनीच्या कॅन्सरचा सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे क्लिअर सेल. शंभरातले साधारण पंच्याहत्तर रुग्ण याच प्रकाराचे. ही गाठ कापली की आतून हळदीसारखी पिवळीधमक दिसते, मध्येमध्ये रक्त उतरलेलं असतं. पिवळेपणा चरबीचा. या पेशी चरबी आणि ग्लायकोजेनने गच्च भरलेल्या असतात. पुढे तुकड्यावर अल्कोहोल आणि झायलीनची प्रक्रिया होते, त्यात ती चरबी विरघळून जाते आणि मायक्रोस्कोपखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. म्हणून क्लिअर सेल. ज्या कारणाने त्या चरबी साठवतात त्याच कारणात या रोगाचं मूळ आहे, त्यावर येते.

गाठीतून आम्ही छोटे तुकडे घेतो, प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवतो, त्यातलं पाणी काढून टाकतो आणि वितळलेल्या पॅराफिनमध्ये बसवतो. मेण थिजलं की झाला ब्लॉक. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढून स्लाइड बनवतात. स्लाइड फिकी पडते, काच फुटते. ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून पुन्हा काप काढता येतात, डीएनए काढता येतो. आज ज्या तपासण्या अस्तित्वातच नाहीत, त्यासुद्धा दहा वर्षांनी त्याच ब्लॉकवर करता येतील. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या नियमाप्रमाणे ब्लॉक किमान १० वर्षं ठेवावेच लागतात.

आपल्याकडे काय होतं? एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची किडनी काही वर्षांपूर्वी एका इस्पितळात काढलेली. पुढे सगळं ठीक. मग खोकला म्हणून एक्स-रे काढला तर फुप्फुसात गाठी. किडनीचा कॅन्सर असा उशिरा परततो, पाच वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही. कॅन्सरच्या डॉक्टरांना औषध ठरवायचं होतं, त्यांनी जुना रिपोर्ट मागितला. मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. अशी फाइल मी क्वचित पाहिली आहे. प्रत्येक पावती, प्रत्येक सोनोग्राफी, औषधांची बिलंसुद्धा तारखेनुसार लावलेली. आणि त्यात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दोन ओळींचा. ‘रीनल सेल कार्सिनोमा. कडा मोकळ्या.’ म्हणजे किडनीचा कॅन्सर, आणि कापलेल्या कडेला तो नाही. बस. कुठला प्रकार, कुठली ग्रेड (म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात), शिरेत शिरलाय का, गाठीचा किती भाग मृत आहे, काही नाही.

म्हटलं, हरकत नाही, ब्लॉक आणा, आपण पुन्हा बघू. मुलगा त्या इस्पितळात गेला. तिथे सांगितलं, लॅब बाहेरची होती. बाहेरच्या लॅबमध्ये गेला. तिथे म्हणाले, आम्ही जागा बदलली, जुनं सामान काढून टाकलं. सामान! एका माणसाच्या रोगाचा एकमेव साक्षीपुरावा, आणि तो जुन्या खुर्च्या-टेबलांबरोबर गेला. मग फुप्फुसातल्या गाठीत सुई घालून नव्याने बायोप्सी करावी लागली. सुईच्या टोकाला आला एक धागा, त्यातला बराच भाग मेलेला. पुन्हा सुई. या सगळ्यात काही आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत त्या बाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, मला रोज एकच विचारलं, ‘डॉक्टर, पुढे कसं होईल हो?’ मला उत्तर देता येत नव्हतं. उत्तराचा मोठा भाग ज्या ब्लॉकमध्ये होता तो कुणीतरी फेकला होता. याचा मला आजही राग आहे. इथे राग व्यक्त केला तर काही बदलेल असं वाटतं, म्हणून बोलतेय.

आणखी एक, फॉर्मालिनचं, म्हणजे काढलेला अवयव सडू नये म्हणून ज्यात ठेवतात त्या द्रवाचं. अख्खी किडनी न कापता बरणीत टाकतात आणि वर बोटभर फॉर्मालिन ओततात. फॉर्मालिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. सात सेंटिमीटरच्या गाठीच्या मध्यापर्यंत पोचेस्तोवर आतलं सगळं सडलेलं असतं. मग जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येतो, ‘नमुना अपुरा’. पैसे मात्र गेलेले असतात. इथे कुणी सर्जन किंवा ऑपरेशन थिएटरमधले मामा-मावशी बसले असतील तर त्यांना हात जोडून सांगते, किडनी ताबडतोब आमच्याकडे पाठवा. जमत नसेल तर कशी उघडायची ते पॅथॉलॉजिस्टला फोनवर विचारा, आणि बरणी मोठी घ्या.

आता ऊतक जपलं की काय मिळतं त्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९७९ साली अमेरिकेत एका कुटुंबाबद्दल शोधनिबंध छापून आला. तीन पिढ्यांत दहा जणांना किडनीचा कॅन्सर. त्यांची गुणसूत्रं तपासली तेव्हा ज्या आजारी माणसांची तपासणी झाली त्या सगळ्यांत तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली निघाली. म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावर काहीतरी आहे, हा पहिला ठोस इशारा.

दुसरा धागा आणखी जुना. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींचं वर्णन केलं. १९२६ मध्ये स्वीडनच्या आर्विड लिंडाउ यांनी त्या गाठींचा लहान मेंदूतल्या गाठींशी संबंध जोडला. हा रोग घराण्यांत चालत येतो, आणि याच घराण्यांत किडनीचा कॅन्सरही होतो, तोही तरुणपणी आणि दोन्ही बाजूंना. मग अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले मार्स्टन लाइनहन, बर्टन झ्बार आणि त्यांचे सहकारी या कुटुंबांच्या मागे लागले. ही कुटुंबं रक्त देत राहिली, काढलेल्या गाठी देत राहिली, आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं. त्याला नाव मिळालं व्हीएचएल, म्हणजे फॉन हिप्पेल-लिंडाउ. जागा तिसऱ्या गुणसूत्राचा आखूड हात. आणि ज्यांच्या घरात कुणालाही हा रोग नाही अशा साध्या रुग्णांच्या क्लिअर सेल गाठींतही बहुतेक वेळा हेच जनुक बंद पडलेलं निघालं! मोजक्या घराण्यांनी दिलेल्या रक्ताने आणि मांसाने जगातल्या लाखो रुग्णांचा रोग समजला. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी भरून येतं.

व्हीएचएल काय करतं? पेशीला प्राणवायू नीट मिळत असेल तेव्हा एचआयएफ नावाच्या प्रथिनाला खूण लावून त्याची विल्हेवाट लावतं. व्हीएचएल गेलं की एचआयएफ साठतं आणि पेशी असं वागते की जणू तिचा श्वास कोंडलाय. नव्या रक्तवाहिन्या बोलावते, चरबी साठवते. तो पिवळा रंग, ते रक्त, सगळं यातून. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेसाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं, आणि एचआयएफवर थेट काम करणारं बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएलच्या रुग्णांसाठी मंजूर झालं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत आणि फलकावरचा विषय अजून उघडायचाय. भराभर जाऊ.

पहिला मुद्दा. व्हीएचएल बिघडलंय हे कळून भाकीत कळत नाही, कारण क्लिअर सेलमध्ये ते जवळपास सगळ्यांचंच बिघडलेलं असतं. फरक पडतो तो त्यानंतर काय बिघडलं यात. तिसऱ्या गुणसूत्राच्या त्याच आखूड हातावर आणखी तीन जनुकं आहेत, पीबीआरएम१, सेटडी२ आणि बीएपी१. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. गुणसूत्राचा हा हात एकदा गळाला की चारही जनुकांची एकेक प्रत एका फटक्यात जाते. ब्रिटनच्या ट्रेसरएक्स रीनल या अभ्यासातून २०१८ मध्ये दिसलं की हा पहिला फटका अनेकदा बालपणी किंवा किशोरवयात बसतो. गाठ सापडते त्याच्या कित्येक दशकं आधी! उरलेली कुठली प्रत पुढे बिघडते यावर गाठीचा स्वभाव ठरत जातो.

पीबीआरएम१ गाठींच्या सुमारे चाळीस टक्क्यांत बिघडतं, आणि अशा गाठी बऱ्याचदा तुलनेने संथ असतात. बीएपी१ दहा-पंधरा टक्क्यांत बिघडतं. त्या गाठी वरच्या ग्रेडच्या, आक्रमक. ही दोन्ही एकाच गाठीत सहसा एकत्र बिघडत नाहीत. टेक्सासमधल्या रुग्णांच्या २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात बीएपी१ बिघडलेल्यांचं मध्यक आयुर्मान ४.६ वर्षं होतं आणि पीबीआरएम१ बिघडलेल्यांचं १०.६ वर्षं. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. तुमचा माणूस कुठल्या बाजूला हे त्या आकड्यातून कळत नाही, एवढं कृपा करून लक्षात ठेवा. बीएपी१ साठी प्रत्येक वेळी महागडं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरन्‌अक्षर तपासणी, लागतं असंही नाही. ब्लॉकच्या कापावर स्टेन करता येतो. शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं तपकिरी रंगतात आणि गाठीच्या पेशींची निळीच राहतात. रंग नाही म्हणजे प्रथिन नाही.

दुसरा मुद्दा, नववं आणि चौदावं गुणसूत्र. नवव्याचा आखूड हात किंवा चौदाव्याचा लांब हात गळालेला असेल तर रोग पसरण्याची शक्यता वाढते. ट्रेसरएक्समध्ये शरीरभर पसरलेल्या गाठींत हेच नुकसान, विशेषतः नवव्याचं, ठळकपणे दिसलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या एकाच गाठीचे वेगवेगळ्या जागचे तुकडे तपासले, तर ६३ ते ६९ टक्के बदल प्रत्येक तुकड्यात सापडलेच नाहीत. एका कोपऱ्यात बीएपी१ शाबूत, दुसऱ्या कोपऱ्यात गेलेलं, असं होऊ शकतं. म्हणून गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे एक तरी ब्लॉक घ्यावा हा आमच्याकडचा संकेत आहे, आणि रंगाने-पोताने वेगळा दिसेल तो भाग तर घ्यायलाच हवा. मोठ्या गाठीतून एकच ब्लॉक काढून त्यावर हजारो रुपयांची जनुकीय तपासणी करण्यात काय अर्थ आहे?

आता प्रामाणिक भाग. आज दवाखान्यात भाकीत केलं जातं ते मुख्यतः स्टेज, म्हणजे रोग किती पसरलाय, आणि ग्रेडवर. रोग पसरला असेल तर सहा साध्या गोष्टी बघतात : रुग्ण कितपत हिंडता-फिरता आहे, निदानापासून वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागलं का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल, प्लेटलेट वाढलेत का. यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. जनुकीय खुणा नेहमीच्या भाकितासाठी वापरा असं मार्गदर्शक तत्त्वं अजून सांगत नाहीत. त्यामुळे कुणी भीती घालून जनुकीय तपासण्यांचं मोठं पॅनेल विकत असेल तर त्याला विचारा, ‘याच्या निकालाने आमच्या उपचारात काय बदलेल?’

एका ठिकाणी मात्र जनुकीय तपासणी आजच हवी, घराण्यात. वय ४६ किंवा कमी, दोन्ही किडन्यांत किंवा अनेक गाठी, जवळच्या नात्यात किडनीचा कॅन्सर, यातलं काही असेल तर जनुकीय सल्ला घ्या. व्हीएचएलच्या घराण्यात सगळ्यात मोठी गाठ तीन सेंटिमीटर होईपर्यंत लक्ष ठेवून थांबता येतं, किडनी वाचते. पण एफएच नावाचं जनुक बिघडलेल्या घराण्यात छोटी गाठसुद्धा लवकर पसरते, तिथे थांबायचं नाही. त्या घरातल्या बायकांना कमी वयात गर्भाशयात मोठे फायब्रॉइड होतात, आणि हे किडनीच्या डॉक्टरला कुणी सांगतच नाही. आत्याचं, मावशीचं गर्भाशय पस्तिशीच्या आत का काढलं, हे घरी विचारा.

वेळ संपली, शेवटचं सांगते आणि प्रश्न घेते. ऑपरेशननंतर डिस्चार्जच्या वेळी पूर्ण रिपोर्ट मागा. त्यात प्रकार, ग्रेड आणि स्टेज तिन्ही लिहिलेलं आहे का ते तिथेच बघा. ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहेत आणि कुठल्या नंबरने, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लॅब काही वर्षांनी ब्लॉक काढून टाकणार असेल तर आधी आम्हाला कळवा, असा अर्ज देऊन ठेवा. दुसऱ्या मतासाठी ब्लॉक न्यावे लागले तर सही करून न्या, आणि काम झालं की परत करा. आणि मे महिन्यात नेत असाल तर उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे ते. थंड पाण्याच्या बाटलीशेजारी, कोरड्या डब्यात ठेवा.

हं, विचारा. मागच्या रांगेतले आजोबा आधी.