तक्रार आली नाही म्हणजे अडचण नाही, असं नसतं

नमस्कार मंडळी,
सिटी काउन्सिल (शहराची निवडून आलेली सभा), काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) हे विषय आपल्या मेळाव्यात फारसे निघत नाहीत. पण आपण इथे सिएटलमध्ये घरं घेतली, मुलं इथल्या शाळेत जातात, टॅक्स भरतो, मग आपलं शहर कुणाला काय देतं हे बघायला नको का?

ग्रेग निकल्स मेयर असताना, २००४ च्या सुमारास, सिएटलने रेस अँड सोशल जस्टिस इनिशिएटिव्ह, म्हणजे वांशिक आणि सामाजिक न्यायाचा उपक्रम, हाती घेतला. प्रत्येक खात्याने स्वतःलाच विचारायचं, आपल्या नियमाचा फायदा कुणाला होतो आणि भुर्दंड कुणाला पडतो. रस्त्यावरच्या दिव्यांचंच बघा. आधी दिवा गेला की कुणीतरी फोन करायचा, मग सिटी लाइटची (शहराच्या वीज खात्याची) माणसं येऊन बदलणार. आता फोन कोण करतं? ज्याला इंग्रजी सफाईने येतं, सरकारी ऑफिसची धास्ती नाही आणि आपलं ऐकतील याची खात्री आहे तोच ना. नियमात वर्णाचा उल्लेखही नाही, तरी अंधार ठरावीक वस्त्यांतच जास्त. मग त्यांनी भागवार वेळापत्रक लावलं, तक्रार येवो न येवो, पाळी आली की त्या भागातले दिवे बदलायचे. मला हे फार पटलं, कारण ज्याची नगरपालिकेत ओळख त्याच्या गल्लीत आधी उजेड, हे आपण तिकडे भारतात लहानपणापासून बघत आलोय.

आणि हे करावं का लागलं, तर इथल्या जुन्या घरांच्या कागदांत चक्क लिहिलेलं असायचं की इथिओपियन (म्हणजे कृष्णवर्णीय), मलाय किंवा कुठल्याही एशियाटिक, म्हणजे आशियाई, वंशाच्या माणसाने इथे राहायचं नाही, घरकामाला असेल तर चालेल! म्हणजे आपणही त्यात आलोच. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं अशी कलमं अमलात आणणार नाहीत, तरी १९६४ ला सिएटलच्या मतदारांनी घरांतला भेदभाव बंद करणारा कायदा फेटाळला, आणि तो झाला एप्रिल १९६८ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, सॅम स्मिथ या शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय काउन्सिल मेंबरच्या पुढाकाराने. तोवर काळ्या कुटुंबांना मुख्यतः सेंट्रल डिस्ट्रिक्ट या शहराच्या एका भागातच जागा मिळायची, बाकीच्यांची घरं महाग होत गेली ती पैशाची वाढ यांच्या वाट्याला आलीच नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ ला याच काउन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवरून भेदभाव बेकायदा ठरवला, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. आपल्यात यावरून बरीच वादावादी झाली, पण मी स्पष्टच सांगते, मला तो कायदा योग्य वाटतो. वर्णावरून आपल्याला कुणी डावललं तर दाद मागायची आणि आपल्यातल्याच माणसाला आडनावावरून डावललं तर तो घरातला मामला म्हणायचा, हे आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्यांना शोभत नाही.

आता कामाचं. तुमचं घर जुनं असेल तर कागद काढून बघा, असं कलम असू शकतं. ते केव्हाच रद्दबातल आहे, पण रद्द असल्याची रीतसर नोंद काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसमध्ये (दस्त नोंदणी कार्यालयात) करता येते, त्याला फी नाही. फॉर्म भरायला मदत हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.