अडीचशे डॉलरची बातमी

[दृश्य: टाइपरायटर, तबकडीचा टेलिफोन, जुन्या वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली पानं]

१९६९ चा ऑक्टोबर. वॉशिंग्टनमधल्या एका मुक्त पत्रकाराच्या कानावर कुणकुण येते. व्हिएतनाममध्ये निरपराध माणसांची कत्तल केल्याबद्दल अमेरिकी सैन्यातल्या कुणावर तरी गाजावाजा न करता खटला भरला जातोय. नाव धड माहीत नाही, ठिकाण माहीत नाही. या पत्रकाराचं नाव सीमोर हर्श. पाठीशी कुठलंही वर्तमानपत्र नाही, म्हणजे विमानाच्या तिकिटाचं बिल लावायलाही जागा नाही.

पैसे मिळाले ते फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम या संस्थेकडून. फिलिप स्टर्न यांनी ती त्याच वर्षी सुरू केली होती. पहिली रक्कम २५० डॉलर. पुढे काम तडीस न्यायला आणखी २,००० डॉलर.

आरोपी लेफ्टनंटचे वकील सॉल्ट लेक सिटीत होते. हर्श त्यांच्या समोर जाऊन बसले. टेबलावर आरोपपत्र पडलेलं, हर्श यांच्या बाजूनं उलटं. वकिलांशी बोलत, वहीत त्यांचंच म्हणणं टिपतोय असं दाखवत त्यांनी ते उलटं वाचून उतरवून घेतलं. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. त्या कागदावर मारल्या गेलेल्या माणसांचा आकडा होता १०९. तिथून हर्श जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर गेले. तळ पालथा घातला, तेव्हा कुठे लेफ्टनंट विल्यम कॅली भेटला.

लाइफ आणि लुक या दोन बड्या मासिकांनी बातमी घेतली नाही. डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्याशा वृत्तसेवेनं ती दारोदार फिरवली आणि नोव्हेंबरमध्ये तीसहून अधिक वर्तमानपत्रांनी छापली. ही कत्तल जिथे झाली त्या माय लाय गावाचं नाव जगाला कळलं ते असं. १९७० मध्ये हर्श यांना पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं.

पुलित्झर सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आपण मात्र इथे बोलणार आहोत ते आधीच्या त्या २५० डॉलरबद्दल.

[दृश्य: हार्वर्ड विद्यापीठाचा परिसर, ग्रंथालयात वाचत बसलेली माणसं]

पत्रकारांसाठी जगभर शेकडो फेलोशिप, अनुदानं आणि स्पर्धा आहेत. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण प्रत्येकीचं काम वेगळं. फेलोशिप वेळ देते, अनुदान एका बातमीचा खर्च उचलतं आणि स्पर्धा झालेल्या कामाची दखल घेते. अर्ज भरण्याआधी एवढं मनाशी पक्कं असलं, तरी अर्धी दमछाक वाचते.

वेळ देणाऱ्या योजनांमध्ये सर्वांत जुनी आणि नावाजलेली म्हणजे हार्वर्डची नीमन फेलोशिप. मिलवॉकी जर्नल या वर्तमानपत्राचे संस्थापक लूशियस नीमन यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी मृत्युपत्रात हार्वर्डला मोठी रक्कम ठेवली आणि अट घातली की ती पत्रकारितेचा दर्जा उंचावण्यासाठीच खर्च व्हावी. हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनाच या प्रयोगाची खात्री नव्हती. तरी १९३८ मध्ये पहिले नऊ फेलो आले. नियम साधा होता: वर्षभर विद्यापीठात राहा, आवडेल त्या वर्गात बसा, पदवीच्या मागे लागू नका. आजही फेलोंनी त्या काळात नेहमीचं व्यावसायिक काम बाजूला ठेवावं, अशी अपेक्षा असते. रोजच्या डेडलाइनखाली वर्षानुवर्षं काढलेल्या बातमीदाराला कुणी तरी म्हणतं, आता लिहू नकोस, वाच. याचं मोल ज्यानं रात्रपाळ्या केल्यात त्याला विचारा.

याच घडणीच्या योजना पुढे स्टॅनफर्डला आणि मिशिगनला आल्या. ऑक्सफर्डची १९८३ पासून चालत आलेली फेलोशिप आज रॉयटर्स इन्स्टिट्यूट चालवते. तिथे वर्षभर राहावं लागत नाही, काही महिन्यांत एक संशोधन पूर्ण करायचं असतं. घरच्या जबाबदाऱ्या असलेल्यांना ते जास्त झेपतं. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हॅमरशोल्ड १९६१ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावानं निघालेला निधी विकसनशील देशांतल्या तरुण पत्रकारांना न्यूयॉर्कला नेतो आणि ते महासभेचं वार्तांकन आपापल्या देशातल्या वाचकांसाठी करतात.

पण प्रत्येक फेलोशिप विद्यापीठातच नेते असं नाही. काही थेट रस्त्यावर उतरवतात. पी. साईनाथ यांनी १९९० च्या दशकात टाइम्स ऑफ इंडियाच्या फेलोशिपवर भारतातले सर्वांत गरीब जिल्हे पिंजून काढले. मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं होतं की, आमच्या वाचकांना या विषयात रसच नसला तर? त्यावर त्यांनी उलट विचारलं, वाचकांच्या वतीनं बोलताय, पण तुम्ही त्यांना शेवटचं कधी भेटलात? फेलोशिप मिळाली. त्या वार्तांकनातली बरीच मजल त्यांनी पायी मारली. गावात दोन तास थांबणं आणि दोन आठवडे राहणं यातला फरक त्या वार्तापत्रांच्या ओळीओळीत दिसतो. हा फरक पैशानं विकत घेता येतो, आणि म्हणूनच असा पैसा कुणी तरी द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: लॅपटॉपच्या पडद्यावर अंदाजपत्रकाचा तक्ता. एकेका रांगेवर कॅमेरा थांबतो]

आता अनुदानाकडे येऊ. अनुदानाचा अर्ज म्हणजे भावनेनं ओथंबलेलं निवेदन नव्हे. निवडणारे आधी बातमीचा गाभा शोधतात. नवीन काय कळणार? ते आत्ताच का सांगायचं? आणि ते तुम्हीच का सांगायचं? "हवामान बदलाचे परिणाम" हा विषय झाला. एका नदीवरच्या धरणातून पाणी कधी सोडलं, कुणाच्या आदेशानं सोडलं आणि नोंदवहीत काय लिहिलं, ही झाली बातमी. अनुदान मिळतं ते अशा बातमीला.

मग हा तक्ता. प्रवास, मुक्काम, दुभाषी, वाहन, सरकारी कागदपत्रांच्या नकला काढायचं शुल्क, विमा, सुरक्षेची तयारी. आणि ही बघा, सर्वांत खालची रांग: पत्रकाराचं मानधन. मुक्त पत्रकार इथे हटकून शून्य टाकतात, कमी मागितलं तर निवड होईल या आशेनं. असं करू नका. ज्या अंदाजपत्रकात काम करणाऱ्याचं पोट धरलेलं नाही, ते अनुभवी परीक्षकाला कच्चं वाटतं. काही देणगीदार मानधन देतच नाहीत, फक्त खर्च देतात. ते त्यांच्या नियमांत आधी वाचून घ्यावं.

बहुतेक ठिकाणी आणखी एक कागद लागतो, संपादकाचं पत्र. काम पूर्ण झालं तर आम्ही छापू, एवढंच त्यात हवं असतं. ज्यांच्या ओळखीचा संपादक नाही, त्यांची गाडी इथेच अडते. या अटीमागचं कारण मला पटतं, पण ती अट नेमकं कुणाला गाळते हेही देणाऱ्यांनी पाहायला हवं.

वॉशिंग्टनचं पुलित्झर सेंटर २००६ पासून अशी अनुदानं देतंय. पुलित्झर पारितोषिकाशी त्याचा संबंध नाही, नावामुळे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. वर्षावनांवरच्या वार्तांकनासाठी त्यांचा वेगळा निधी आहे. पर्यावरणाच्या बातम्यांना २००४ पासून अर्थ जर्नलिझम नेटवर्क मदत करतं. युरोपात सीमेपलीकडच्या शोधासाठी अनुदानं मिळतात, तिथे एकापेक्षा जास्त देशांच्या पत्रकारांनी मिळून अर्ज करायचा असतो. काळा पैसा सीमा पाळत नाही, तेव्हा बातमीदारानं एकट्यानं आपल्या सीमेत बसून काय करायचं? ही अट योग्यच.

पैसा कुणाचा, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावं. मजकूर छापण्याआधी आम्हाला दाखवा, असं देणारा म्हणत असेल तर ते अनुदान नाही, जाहिरात आहे. ते परत करावं.

[दृश्य: पारितोषिक समारंभ, टाळ्या, कॅमेऱ्यांचे फ्लॅश]

स्पर्धांबद्दल थोडक्यात. पुलित्झर १९१७ पासून दिलं जातं. त्यातलं लोकसेवेचं सुवर्णपदक व्यक्तीला नाही, बातमी देणाऱ्या माध्यमसंस्थेला मिळतं. पत्रकारितेची पारितोषिकं अमेरिकी माध्यमांत प्रसिद्ध झालेल्या कामासाठीच असल्यानं बाकी जगाला त्यात वाव जवळजवळ नाही. ॲमस्टरडॅमची वर्ल्ड प्रेस फोटो ही १९५५ पासूनची स्पर्धा सगळ्या जगाला खुली आहे. तिथे पुढच्या फेरीत गेलेल्यांना छायाचित्राची मूळ फाइल द्यावी लागते. २०१५ मध्ये उपांत्य फेरीतली सुमारे एक पंचमांश छायाचित्रं फेरफार आढळल्यामुळे बाद झाली.

छायाचित्राची मूळ फाइल मागता येते, शब्दांची कशी मागणार? डेर श्पीगल या जर्मन साप्ताहिकाचे क्लास रेलोटियस डिसेंबर २०१८ च्या सुरुवातीला देशातलं मानाचं वार्ताहर पारितोषिक घेऊन आले. त्याच महिन्यात उघड झालं की त्यांनी बातम्यांमध्ये माणसं आणि प्रसंग रचले होते. हे शोधलं हुआन मोरेनो यांनी. ते त्याच साप्ताहिकासाठी कंत्राटावर काम करत आणि रेलोटियस यांच्यासोबत एका लेखावर त्यांचंही नाव होतं. सुरुवातीला वरिष्ठांनी विश्वास ठेवला नाही, तेव्हा मोरेनो लेखातल्या माणसांना अमेरिकेत जाऊन भेटले. ती माणसं म्हणाली, हा रेलोटियस आम्हाला कधी भेटलेलाच नाही. इतक्या परीक्षकांच्या नजरेखालून गेलेलं लिखाण पकडलं ते पायपीट करणाऱ्या एका बातमीदारानं. परीक्षकांनी यातून एवढं तरी घ्यावं की नेटक्या, गोळीबंद कथेवर पहिल्या वाचनात भाळू नये, आधी तिचे पुरावे मागावेत.

काही पुरस्कारांची नावं वाचताना गळा दाटतो. गियेर्मो कानो कोलंबियातल्या एल एस्पेक्तादोर या दैनिकाचे संपादक. १७ डिसेंबर १९८६ रोजी बोगोटामध्ये कार्यालयाबाहेर त्यांची हत्या झाली. युनेस्को त्यांच्या नावानं १९९७ पासून वृत्तस्वातंत्र्याचा पुरस्कार देते. एलिझाबेथ नॉयफर बॉस्टन ग्लोबच्या वार्ताहर, २००३ मध्ये इराकमध्ये अपघातात गेल्या. त्यांच्या नावाची फेलोशिप मानवी हक्कांवर काम करणाऱ्या महिला पत्रकारांसाठी आहे. रोरी पेक १९९३ मध्ये मॉस्कोतल्या गोळीबारात मारले गेलेले मुक्त कॅमेरामन. त्यांच्या नावाची संस्था मुक्त पत्रकारांना धोक्याच्या ठिकाणी जाण्याआधी प्रशिक्षणासाठी मदत करते आणि संकटात हात देते.

आणि कर्ट शॉर्क. २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये वार्तांकन करताना ते मारले गेले. त्यांच्या नावाच्या पुरस्कारांत एक मुक्त पत्रकाराला, एक स्थानिक वार्ताहराला आणि २०१७ पासून एक फिक्सरला मिळतो. फिक्सर म्हणजे परक्या पत्रकाराला रस्ता दाखवणारा, भाषा समजावणारा, कुणाशी बोलणं धोक्याचं आहे हे सांगणारा माणूस. परका पत्रकार विमानानं निघून जातो, फिक्सर तिथेच राहतो, त्या बातमीचे परिणाम सोसत. बायलाइन, म्हणजे बातमीवर नाव, त्याला क्वचितच मिळते. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत पत्रकारितेच्या पुरस्कारांमध्ये झालेला हा सर्वांत न्याय्य बदल आहे.

भाषेचा अडसर अजून बाकी आहे. बहुतेक अर्ज इंग्रजीत. ज्या वार्ताहराची मूळ भाषेतली बातमी सरकारला हादरवते, तो परक्या भाषेतल्या पाचशे शब्दांच्या प्रस्तावात अडखळतो. पण हे बदलता येतं. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी कोलंबियात पत्रकारांसाठी स्थापन केलेली संस्था गाबो पारितोषिक देते, ते स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतल्या कामालाच. तोवर निदान एवढं करावं: मूळ बातमीची कात्रणं जोडावीत, प्रत्येकीसोबत अर्ध्या पानाचा अनुवादित सारांश द्यावा, आणि अनुवादाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळी रांग करून मांडावा. नकार आला तर तोच प्रस्ताव दुरुस्त करून दुसरीकडे पाठवावा. एका परीक्षक मंडळाला न पटलेला विषय दुसऱ्याला पटल्याची उदाहरणं या क्षेत्रात नेहमीची आहेत.

[दृश्य: वर्गात मुलांसमोर बोलणारी वार्ताहर, फळ्यावर नकाशा]

बातमी छापून आली की पावत्या आणि अहवाल द्यायचा असतो. काही ठिकाणी मात्र काम तिथे संपत नाही. पुलित्झर सेंटर आपल्या अनुदानावर काम केलेल्या पत्रकारांना शाळा-महाविद्यालयांत नेतं. मुलं विचारतात, तुम्हाला भीती नाही का वाटली? ती माणसं आता कशी आहेत? वार्ताहर उत्तरं देतात, आणि कधी कधी एखाद्या प्रश्नातून पुढच्या अर्जाचा विषय मिळतो.