मिठाची पिशवी किती दिवस जाते?

(दृश्य: बंदर. पाट्या, बर्फ, ओली वाट.)

रत्नागिरीचं मिरकरवाडा किंवा असंच कुठलंही मोठं बंदर घ्या. आसपास दालदी, खारवी या मच्छीमार समाजांची घरं, कर्नाटकातून आलेल्या मजुरांच्या खोल्या आणि नौकांवर नेपाळी खलाशी. नर्सिंगच्या मुलामुलींचं कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे घरोघर जाऊन शिकायचं काम, अशा वस्तीत असलं की परीक्षा उंबऱ्यापासूनच सुरू होते.

नर्सची पिशवी थेट जमिनीवर टेकवायची नाही. खाली वर्तमानपत्र, पावसाळ्यात कागद भिजतो, तेव्हा रेक्झिनचा तुकडा. बाहेरच्या कप्प्यातला साबण काढून हात धुवायचे, मगच आतला कप्पा उघडायचा. क्रम चुकला तर या घरातले जंतू पुढच्या घरी पिशवीतून जातात.

मग बीपी. घाई नडते ती इथे. बाई नुकतीच डोक्यावरून पाटी उतरवून आलेली असते, नाहीतर मिश्री लावून बसलेली. मिश्री किंवा चहानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, पाठ टेकून पाच मिनिटं बसवायचं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो आणि नसलेलं बीपी कागदावर चढतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. फळीवर मिठाची पिशवी.)

फॉर्मवर प्रश्न असतो: मीठ किती खाता? उत्तर ठरलेलं, ‘बेतानंच.’ त्यापेक्षा विचारावं, ‘मावशी, एक किलोची पिशवी किती दिवस जाते? जेवणारी माणसं किती?’ महिनाभर, चार माणसं. म्हणजे माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मासे खारवायचं मीठ यात धरायचं नाही, पण खारं खाल्लं की ते पोटात जातंच. ‘सुकी मासळी सोडा’ म्हणणाऱ्या नर्सचं इथे कोण ऐकणार? खारा बांगडा भिजवून पाणी दोनदा ओतून द्या, कालवणात वरून मीठ नको, एवढं मात्र ऐकलं जातं.

खलाशांकडे संध्याकाळी, नौकेवरच जायचं. खोकल्याला नेपाळीत ‘खोकी’ म्हणतात, म्हणजे निम्मं काम सोपं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायची. खरी अडचण पुढे असते. क्षयाचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा. फेब्रुवारीत सुरू झाला तर जुलैपर्यंत चालतो आणि १ जूनला मासेमारी बंदी लागते. माणूस गावी निघतो. दोन महिन्यांत खोकला थांबलेला असतो, त्यामुळे गोळ्या सुटतात. म्हणून निघायची तारीख पहिल्याच भेटीत विचारायची. उपचार कार्ड आणि वाटेपुरत्या गोळ्या मे महिन्यातच हातात द्यायच्या.

परतताना गल्लीतली पिंपं. टॉर्च मारला की अळ्या वळवळत खाली जातात. पाणी ओतून टाकून भागत नाही, डेंगीच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्महिने तग धरतात. दर आठवड्याला काथ्यानं घासायचं, उन्हात पालथं घालायचं.