पालुपद

नमस्कार श्रोतेहो.

सप्त्यातलं कीर्तन आठवा. महाराज अभंगाचा चरण घेतात, निरूपणात शिरतात, दृष्टांत देतात, सासू-सुनेवर हसवतात आणि फिरून त्याच चरणावर येतात. पखवाजावर थाप पडते. खांबाला टेकून पेंगणारे आजोबाही डोळे न उघडता ओळ धरतात.

भाषणातली पुनरुक्ती हीच. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी 'माझं एक स्वप्न आहे' हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. लिहून आणलेल्या मसुद्यात ते नव्हतं. पण किंग धर्मोपदेशक, म्हणजे तिकडचे कीर्तनकारच म्हणा ना! पालुपद तेच, पण मधे दर वेळी नवं काही: जॉर्जियाच्या तांबड्या टेकड्या, मिसिसिपी, स्वतःची चार लेकरं.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका उन्हाळ्यात बाजारतळावर सभा होती. पहिल्या वक्त्यानं 'विकास, विकास' इतकं घोकलं की लोक शेंगा फोडत बसले. शब्द तोच आणि मधे सगळं पोकळ. दुसरा उठला. म्हणाला, "बोअर आटला. हंडा कुठं भरायचा? टँकर चार दिवसाआड. हंडा कुठं भरायचा? लेकरू शाळा बुडवून रांगेत. हंडा..." इथं तो थांबला. कडेला उभ्या बायांनीच वाक्य पुरं केलं. लोकांच्या तोंडून निघालेलं वाक्य मग वक्त्याचं राहत नाही, लोकांचंच होतं. त्याचा तो थांबा मला अजून आठवतो. किती वेळा म्हणायचं हे कुणालाही शिकवता येईल, कुठं गप्प बसायचं हे अवघड.

यात एक खोडही आहे बरं का. तीच विधानं काही दिवसांच्या अंतरानं ऐकवली की लोकांना ती जास्त खरी वाटू लागतात, खरी असोत की खोटी, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगातून दाखवलं. कान ओळखीच्या शब्दाला पटकन जागा देतो. म्हणून पालुपद ऐकताना मी मधली वाक्यं मोजतो.

तो दुसरा वक्ता पुढं निवडून आला. पाच वर्षांनी त्याच तळावर पुन्हा उभा. "हंडा कुठं भरायचा?" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो सवयीनं थांबला.

मागून एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या बंगल्यावर."