घोडा आणि गवताचा पूल

श्रोतेहो, नमस्कार. काल्पनिक जग रचताना आपण बहुधा दिसणाऱ्या गोष्टी आधी उचलतो. एका संस्कृतीचा झगा, दुसरीची तलवार. असं जग दहा पानांत उसवतं. वस्तू उचलाल, तर तिच्यामागचं कारणही उचला. पुन्हा सांगतो, वस्तूबरोबर कारणही उचला.

पेरूमधला केस्वाचाका बघा. अपुरिमाक नदीच्या दरीवरचा, सुमारे 28 मीटर लांबीचा, गवताचा झुलता पूल! ऊन-पावसानं गवत कुजतं, म्हणून दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या वस्त्या तो नव्यानं बांधतात. घरोघरी कोया नावाचं चिवट गवत भिजवून, ठेचून दोऱ्या वळतात. दोऱ्यांचे दोर, दोरांना पीळ घालून मांडीएवढे जाड दोरखंड. त्यातले चार दोरखंड पायांखाली, दोन हातांनी धरायला. जुना पूल तोडून नदीत सोडतात, नवे दोरखंड दोन्ही काठांवरून ओढून ताणतात. मग दोन कसबी माणसं, एक या काठावरून, एक त्या, कठडे विणत मध्यावर भेटतात. 2013 मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली. इंका काळी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथं इंकांचं साम्राज्य होतं तेव्हा, रस्ते-पूल राखणं हा श्रमाच्या रूपात भरायचा कर होता. त्याला म्हणत मिता.

आता या पुलावर मंगोलांची डाक आणा, ठाण्याठाण्यावर घोडा बदलणारी. अडली! इंकांकडे घोडे नव्हते. निरोप धावपटू नेत, म्हणून चढावर रस्त्याला सरळ पायऱ्या. पुढे स्पॅनिशांचे घोडे त्या पायऱ्यांवर बेजार झाले. तुम्हाला घोडा हवाच असेल, तर पायऱ्यांच्या जागी वळणाचा घाट काढा, पूल रुंद करा. पूल रुंदावला की गवत वाढलं, राबणारे हात वाढले, कर वाढला.

दोन संस्कृती पुरेत. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा: कशाची बनली, कोण बनवतं, कधी तुटते? कशाची, कोण, कधी. लोक आजही श्रद्धेनं करतात ते विधी मात्र जसेच्या तसे उचलू नका, आपले नवे रचा. आणि नावं, कृपा करून, मोठ्यानं म्हणून बघा. जीभ अडली की वाचक ते पात्रच विसरतो.

किंवा पूल अरुंदच ठेवा. स्वार अलीकडे उतरेल, थैली धावपटूच्या हाती देईल. तिथं तबेला येईल, वस्ती येईल. दुष्काळाच्या वर्षी गवत घोड्यांना घालायचं की पुलाला, यावरून तिथं पहिलं भांडण पेटेल.